गाऱ्हाणे आणि त्याचे उत्तर



येरवड्याचा तुरुंग म्हटला की १९३२ च्या सप्टेंबरातील पुणे करार आठवतो. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे घडलेला एक लहानसा प्रसंग मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि शाळा चालविणाऱ्यास तोच अधिक उपयोगी आहे.

रत्नागिरीच्या तुरुंगातील अप्पासाहेब पटवर्धनांनी आपणांस मैलासफाईचे काम द्यावे अशी मागणी केली. तुरुंगात हे काम जातीवरून ठरे; म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पासाहेबांनी आहार कमी केला. ही वार्ता येरवड्यास गांधीजींना कळली. त्यांनी वरिष्ठांना लिहिले; समाधान होईना, तेव्हा ३ डिसेंबरला सहानुभूतीचा उपवास आरंभिला. मागणीचा विचार होईल असे आश्वासन मिळताच त्यांनी तो सोडला. त्या क्षणी मागणी मान्य झालेली नव्हती. ती कोणीतरी मनावर घेतली होती, एवढेच. शिवाय मागणी कष्ट टाळण्याची नव्हती, कष्ट पत्करण्याची होती. प्रत्येक तक्रारीमागे आळसच पाहणाऱ्या वरिष्ठास ती कशी उमगावी?

मुंबईच्या गिरण्यांत उलट घडले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, इजा झाल्यास भरपाई, एवढेच मागणे. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. तीही एप्रिलात हजारो कामगारांची सभा भरून दोन स्त्री-कामगार उभ्या राहून बोलल्या, त्यानंतर.

आता शाळेकडे वळू. दोन इयत्ता एकत्र बसविल्याने पहिलीची मुले मागे पडतात, असे सहशिक्षिका सांगते. मुख्याध्यापक "पाहू" म्हणतात. "पाहू" हे उत्तर नव्हे. जादा शिक्षक मिळण्याजोगा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, कारण द्यावे. केंद्रप्रमुखांस केव्हा लिहिले ती तारीख दाखवावी. सकारण नकार माणूस सोसतो. मौन लाभले की तो पुढल्या खेपेस बोलतच नाही, आणि भिंतीची चीर मुख्याध्यापकांना भिंत खचल्यावरच दिसते.

आवक-जावक नोंदवही प्रत्येक शाळेत असते. तोंडी आलेले गाऱ्हाणेही तीत एका ओळीत टिपावे, आणि उत्तराचा दिनांक त्यापुढे घालावा.