उंचावलेली गाडी आणि गळणारा बूट

बेळगावच्या उद्यमबाग भागातील एका गॅरेजात खानापूरकडचा एक तरुण बागायतदार आपली पिक-अप गाडी घेऊन आला, तेव्हा तो रागातच होता. पुढच्या चाकांमागे ॲक्सलवर जे रबरी बूट असतात, ते वर्षभरात दोनदा बदलून झाले होते. आणि आता तिसऱ्यांदा चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसत होते. "मेस्त्री, रबर हलकं घालताय काय?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्यात संशय होता, आणि दोनदा पैसे मोजलेल्या माणसाला तो येणे स्वाभाविकही होते. मेस्त्री वयाने मोठे. त्यांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. "रबराला नंतर बोलूया, मालक. आधी खाली वाकून बघूया," एवढेच म्हणून त्यांनी गाडीखाली दिवा धरला.

हा बूट म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. ज्या गाडीच्या पुढच्या चाकांनाही एंजिनाची शक्ती मिळते, तिच्यात ही शक्ती डिफरन्शियलच्या पेटीतून दोन आडव्या दांड्यांनी दोन्ही चाकांकडे जाते. डिफरन्शियल तर सांगाड्याला घट्ट बसवलेले, आणि चाके खड्ड्यागणिक वरखाली होणारी. पुन्हा ती वळणावर डावीउजवीकडे फिरणारी. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात. बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा सांधा सहा गोळ्यांचा असतो. फोर्ड कारखान्यातील आल्फ्रेड रझेप्पा या तंत्रज्ञाने १९२० च्या दशकात तो सिद्ध केला, आणि १९५९ साली निघालेल्या इंग्लंडच्या 'मिनी' मोटारीने तो घरोघरी नेला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने त्याची ओळख करून दिली. वळण घेताना पुढून 'टक् टक्' आवाज येऊ लागला की 'ॲक्सल गेला' असे गाडीवाले म्हणू लागले, तो हाच सांधा. आतला, डिफरन्शियलजवळचा सांधा बहुधा तीन रुळांचा असतो. तो वाकतो आणि शिवाय आतबाहेर सरकतोही, कारण चाक वरखाली झाले की दांड्याची लांबी कमीजास्त पडते.

हे दोन्ही सांधे ग्रीसमध्ये बुडालेले हवेत आणि धुळीपासून दूर हवेत. त्यासाठी त्यांवर रबराचा किंवा रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा चुणीदार बूट चढवतात. हार्मोनियमचा भाता डोळ्यांपुढे आणावा, तो वाटोळा करून दांड्यावर ओवावा, म्हणजे बुटाचे रूप कळेल. त्याचे मोठे तोंड सांध्याच्या वाटीवर आणि लहान तोंड दांड्यावर पत्र्याच्या क्लॅम्पने आवळलेले असते. या सांध्याला बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नसते. आत जे भरले तेच जन्मभर पुरायचे; ते बाहेर गेले की सांध्याचे आयुष्य संपू लागते.

आता त्या गाडीकडे वळू. काजूच्या बागेची वाट पावसात चिखलाने भरते, मधल्या ओहोळात गाडीचे पोट दगडाला लागते. म्हणून त्या तरुणाने आदल्या वर्षी गाडी तीन इंच उंच करून घेतली होती. हौसही थोडी होतीच. गोव्यात २०१४ साली 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही जंगलातल्या मोटारींची शर्यत प्रथम भरली, तेव्हापासून या भागातील तरुणांना उंच गाड्यांचे आकर्षण अधिकच वाटू लागले आहे. उंची वाढवण्याची रीत सोपी आणि स्वस्त: पुढच्या स्प्रिंगच्या माथ्यावर, सांगाड्याच्या खाली, धातूची एक जाड चकती बसवायची. तिला स्पेसर म्हणतात. स्प्रिंगचा खालचा पाय चाकाजवळ नसून खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असल्याने दीड इंचाच्या स्पेसरने गाडी जवळजवळ तीन इंच उचलली जाते. विकणाऱ्याला हे ठाऊक असते. घेणाऱ्याला बहुधा नसते.

मेस्त्रींनी त्याला जे दाखवले ते शाळेतल्या त्रिकोणाचेच गणित होते. दोन सांध्यांमधले आडवे अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर धरावे. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हा दांडा चार-पाच अंश खाली उतरता असतो असे समजू. गाडी साडेसात सेंटिमीटर उचलली की डिफरन्शियल सांगाड्याबरोबर वर जाते, चाक मात्र जमिनीवरच राहते. आणि तोच उतार सुमारे चौदा अंशांवर जातो. म्हणजे तिप्पट. सांधा स्वतः एवढा वाकायला कुरकुरत नाही. बाहेरचा तर वळणावर याहून कितीतरी अधिक वाकतो. परंतु वळण क्षणभराचे असते, आणि हा उतार मात्र सरळ रस्त्यावरही चोवीस तासांचा असतो. आतल्या सांध्याच्या बुटाच्या खालच्या बाजूच्या चुण्या एकमेकींवर दाबल्या जातात, वरच्या बाजूच्या ताणल्या जातात. आणि दांडा फिरतो तसतशी प्रत्येक चुणी एका फेऱ्यात एकदा मिटते, एकदा उघडते. तीस इंच व्यासाचे चाक ताशी साठ किलोमीटर वेगाने मिनिटाला सुमारे चारशे फेरे घेते. तासाला चोवीस हजारांहून अधिक वेळा चुणीवर चुणी घासली जाते. घासण्याने ऊब येते, उबेने ग्रीस पातळ होते, आणि भात्याने वारा लोटावा तसे ते लहान तोंडाच्या क्लॅम्पखालून बाहेर लोटले जाते.

"पण चारी चाकांचा गिअर मी वर्षातून आठ दिवस टाकतो," असा प्रतिवाद त्या तरुणाने केला. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. बऱ्याच आधुनिक गाड्यांत पुढच्या चाकांना शक्ती दिलेली नसतानाही हे दांडे चाकांबरोबर फिरतच राहतात. बाजाराला जाताना, मुलांना शाळेत सोडताना, रिकाम्या गाडीने परत येताना ते फिरत असतात.

मग जुन्या जीपना हा त्रास कसा नव्हता? हा प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. त्या जीपचा पुढचा ॲक्सल अखंड असे. डिफरन्शियल चाकांबरोबरच वरखाली होई. पाट्यांची उंची कितीही वाढवली तरी चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन बदलण्याचे कारण नव्हते, आणि चाकाजवळचा सांधा रबराऐवजी पोलादी गोलाच्या आत असे. बदले तो फक्त गिअरपेटीकडून येणाऱ्या लांब शाफ्टचा कोन. ज्या गाडीत दर चाक स्वतंत्र झुलते, तिने बसणाऱ्याच्या पाठीला जो आराम दिला, त्याचा भार या चुण्यांनी उचलला आहे.

आता दुरुस्तीचे पाहू. पहिले काम पान्याचे नसून फडक्याचे. बूट पुसून स्वच्छ करावा, गाडी पन्नासेक किलोमीटर चालवावी, आणि मग पाहावे. ग्रीस लहान तोंडातून झिरपत असेल आणि चुण्या अखंड असतील, तर दोष क्लॅम्पचा आणि कोनाचा आहे. चुणीच्या तळाशी चीर दिसली, तर गोष्ट वेगळी. चिरीतून ग्रीस बाहेर जाते त्याहून वाईट म्हणजे धूळ आणि चिखल आत जातो, आणि उरलेल्या ग्रीसचा घासकागद होतो. थोडे ग्रीस दोन बोटांत चोळून पाहावे. वाळू कचकचली तर केवळ बूट बदलणे म्हणजे फुटक्या कौलाखाली भिंत रंगवणे होय. वळणावर टकटक येत असेल तर बाहेरचा सांधा, आणि वेग वाढवताना गाडी थरथरत असेल तर बहुधा आतला सांधा झिजला आहे. शिवाय डिफरन्शियलच्या तोंडाशी ओल असेल आणि ती पातळ, उग्र वासाची असेल, तर ते ग्रीस नव्हे, गिअर ऑइल आहे. तिथे ऑइल सील गेले आहे, आणि बुटाला उगीच दोष लागतो आहे.

बूट धडधाकट असल्यास सगळे उकलण्याची गरज नसते. लहान क्लॅम्प कापून काढावा, दांडा आणि बुटाचा ओठ ग्रीसचा अंश न ठेवता पुसावा, मिटलेल्या चुण्या हाताने सोडवून बूट जरासा बाहेर ओढावा आणि कानाचा, म्हणजे चिमट्याने आवळायचा पोलादी क्लॅम्प बसवावा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधणारे काही महाभाग असतात. त्या उष्णतेने सैल पडतात, त्यांचा विचारच नको. बूट बाहेर ओढताना मात्र एक सावधगिरी हवी. काही दांड्यांवर बुटाच्या ओठासाठी मुद्दाम खाच कोरलेली असते. ओठ त्या खाचेतून काढून गुळगुळीत भागावर आणला, तर आज चुण्या सुटतात, पण उद्या क्लॅम्पच सरकण्याची धास्ती राहते. गाडी उंचावणारे पुष्कळजण हा उपाय सांगतात आणि तो काही काळ चालतोही; तरी जाणता मेस्त्री तो कायमचा म्हणून देत नाही.

क्लॅम्प आवळण्यापूर्वीची एक बारीक गोष्ट पुष्कळ गॅरेजांत विसरली जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बूट बंद केला, तर आत कोंडलेली हवा त्या स्थितीला धरून असते. गाडी जमिनीवर आली की बूट एकतर फुगतो नाहीतर पोट आत जाऊन बसतो. म्हणून खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक चालत्या गाडीच्या उंचीला आणावे, बुटाच्या ओठाखाली बोथट पट्टी सारून हवा सोडावी, आणि मगच आवळावे. त्या गाडीवरचे दोन्ही जुने बूट चाक लोंबते ठेवूनच बंद केले गेले होते. मेस्त्रींनी हे आपण होऊन कबूल केले. पोराच्या हाती काम दिले आणि उभा राहिलो नाही, असे ते म्हणाले. तरुणाचा आवाज त्यानंतर बराच खाली आला.

बूट फाटला असेल तर दांडा बाहेर काढणे भाग. गाडी घोड्यांवर नीट टेकवल्यावाचून, केवळ जॅकच्या भरवशावर, कोणी खाली जाऊ नये. दांडा ओढून काढताना त्याचे वजन डिफरन्शियलच्या ऑइल सीलवर पडू देऊ नये, नाहीतर एक गळती मिटवताना दुसरी जन्माला येते. तीन रुळांचा सांधा उकलण्याआधी रंगाची खूण करावी, छिन्नीची नव्हे. आणि रुळांभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, कारण एखादा रूळ निसटला तर त्याच्या आतल्या सुईसारख्या काड्या गॅरेजभर शोधाव्या लागतात. रॉकेलने धुतलेला सांधा पूर्ण वाळल्यावर नव्या बुटाबरोबर आलेले ग्रीस सगळे भरावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस हाताशी आहे म्हणून ते भरू नये.

एवढे करूनही गाडी तीन इंच उंचच राहिली, तर कोन तसाच राहतो. यावर एक तोडगा डिफरन्शियल खाली घेण्याचा आहे. सांगाडा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये इंचभर जाडीचे तुकडे घातले की दांड्यांचा उतार थोडा कमी होतो. परंतु काही गाड्यांत ते फक्त पुढच्या बाजूनेच खाली येते, म्हणजे उतरण्यापेक्षा कलते अधिक, आणि मिळणारा लाभ इंचाला इंच नसतो. शिवाय ज्या दगडापासून पोट वाचवायला गाडी उचलली, त्या दगडाकडेच पोट पुन्हा थोडे झुकते. माथ्यावरच्या स्पेसरचा आणखी एक अवगुण आहे: तो स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची सगळी जोडी खाली ढकलतो, त्यामुळे चाक हवेत लोंबताना पूर्वीपेक्षा अधिक खाली जाते, आणि खड्ड्यात चाक सुटले की सांधा आपल्या मर्यादेजवळ जातो. लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंगने उंची मिळवली तर हा दुसरा दोष टळतो. खर्च मात्र वाढतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम गाडीत मन मानेल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाही, असा निर्णय दिला. अपघाताच्या वेळी विमा कंपनीचा माणूस प्रथम हेच पाहतो.

मेस्त्रींनी तरुणापुढे दोन वाटा ठेवल्या. तीन इंच उंची ठेवायची असेल तर दर दोन महिन्यांनी बूट पुसून पाहायचे आणि दर वर्षी बदलण्याची तयारी ठेवायची. किंवा दीड इंचाचा स्पेसर काढून पाऊण इंचाचा घालायचा, म्हणजे गाडी दीड इंचच उंच राहील आणि दांड्याचा उतार नऊ अंशांच्या आसपास येईल. तरुण बराच वेळ चाकाकडे पाहत उभा राहिला. अखेरीस त्याने विचारले, "ओहोळातला तो एक दगड सुरुंगाने फोडायला कितीला पडेल?"

दगड फुटला तो पुढच्या महिन्यात, आणि सुरुंगावाचून; चार गड्यांनी पहार लावून तो बाजूला लोटला. गाडी दीड इंच खाली आली. चाकांची अलाइनमेंट नव्याने करून घेतली, कारण उंची बदलली की तीही बिघडते. नवे बूट मेस्त्रींनी स्वतः उभे राहून बसवले आणि मजुरी घेतली नाही. दीड इंचाचे ते दोन स्पेसर मात्र तरुणाने गॅरेजात टाकले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली ठेवून दिले.