दोन शक्यतांमधले अंतर

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव आज पुष्कळांनी केला. मी मात्र माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून आरंभ करणार आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी सहावीची वर्गशिक्षिका होते. एका मुलीला गणित आणि विज्ञान या दोन्ही चाचण्यांत फार कमी गुण मिळाले. तिच्या आईला बोलावून मी सांगितले, "मुलीला हे विषय झेपणारे नाहीत. फार अपेक्षा ठेवू नका." आई क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बाई, घरचा वाणसामानाचा हिशेब तीच करते. एकदा तिला पुढच्या बाकावर बसवून बघाल का?" मी बसवले. मुलीला मागच्या बाकावरून फळा नीट दिसतच नव्हता, आणि दोन्ही चाचण्यांचे प्रश्न फळ्यावर लिहिलेले होते. श्रुतलेखनात ती पहिल्या पाचांत होती. ही नोंद माझ्याच वहीत होती, पण मी ती पाहिली नव्हती.

माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, मुलीला विषय समजत नाही; दुसरी, विषय समजतो पण अडचण अन्यत्र आहे. हाती आलेल्या पुराव्यावरून दोहोंपैकी एक निवडणे, याला संख्याशास्त्रात परिकल्पनेची चाचणी म्हणतात. येथे चुका दोन प्रकारच्या संभवतात. समजणाऱ्या मुलाला कच्चे ठरवणे ही एक आणि खरोखर मदत हवी असलेल्या मुलाला 'ठीक आहे' म्हणून सोडून देणे ही दुसरी. तोच पुरावा हाताशी असताना एक चूक टाळण्यासाठी निकष कडक केला, की दुसरी वाढते. म्हणून नेमान आणि पिअर्सन यांनी 1933 साली मार्ग दाखवला : अधिक घातक चूक कोणती ते आधी ठरवा, तिला मर्यादा घाला, आणि त्या मर्यादेत दुसरी कमीत कमी ठेवा. कोणती चूक अधिक घातक, हे मात्र गणित सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते.

मी मराठीची एम. ए.; हा माझा विषय नव्हे. परंतु आपण राहतो त्या कोलकात्यातच या प्रश्नाचा मूलगामी विचार झाला, हे कळल्यावर मी तो जमेल तसा समजून घेतला.

प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. 1920 साली नागपूरच्या विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ अॅनंडेल यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण त्यांच्याकडे आले. दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हे मोजायचे कसे? या प्रश्नाच्या शोधातून 1936 साली त्यांनी आज 'महालनोबिस अंतर' म्हणून जगभर ओळखले जाणारे माप सविस्तर मांडले. त्यातील दोन गोष्टी शिक्षकाने गाठीशी बांधाव्यात. फरक नुसता मोजू नये. एरवीच्या चढउताराच्या तुलनेत तो किती आहे हे पाहावे. ज्या वर्गात गुण सहज दहा-पंधराने वरखाली होतात, तेथे पाच गुणांच्या फरकाला फारसा अर्थ नसतो. दुसरे, जी मापे जोडीनेच वाढतात वा घटतात, ती दोन स्वतंत्र साक्षी म्हणून मोजू नयेत. माझ्या हातून हेच घडले. गणित आणि विज्ञान हे मला दोन साक्षीदार वाटले. वस्तुतः दोघेही एकाच फळ्याबद्दल बोलत होते.

अनिलकुमार भट्टाचार्य यांनी 1943 साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत दोन संभाव्यता वितरणे एकमेकांवर किती पडतात याचे माप दिले. वितरणे तंतोतंत एक असतील तर ते माप 1, मुळीच एकमेकांवर पडत नसतील तर 0. हे माप 0.9 आहे असे धरा, म्हणजे दोन्ही शक्यतांत जवळपास सारखेच निकाल दिसतात. दोन्ही शक्यता आरंभी सारख्याच असतील, तर एका निरीक्षणावरून उत्तम निर्णय घेऊनही शंभरांत 45 पर्यंत चुका होऊ शकतात. परंतु निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असली, की प्रत्येक निरीक्षणागणिक 0.9 ने गुणत जायचे. दहा निरीक्षणांनंतर चुकीची कमाल मर्यादा 17 च्या आसपास येते, वीस निरीक्षणांनंतर सुमारे 6. त्याच पत्रिकेत 1945 साली पंचविशीच्या आतल्या सी. आर. राव यांनी वितरणांमधील अंतराला भूमितीचे रूप दिले.

पालकहो, या आकड्यांत मला दिलासा वाटतो. धूसर पुरावाही धीराने आणि वेगवेगळ्या दिशांनी गोळा केला तर स्पष्ट होतो. घरातले वागणे, मैदानावरचा खेळ, तोंडी उत्तर, आईचे एक वाक्य, ही सारी निरीक्षणेच आहेत. आणखी एक सावधगिरी महालनोबिसांच्या मापातूनच सुचते : ते दोन समूहांच्या सरासरींमधले अंतर सांगते. समूह दूर असले तरी त्यांतील माणसे एकमेकांत मिसळलेली असू शकतात. 'अमुक घरचे मूल असेच असणार' हे विधान म्हणूनच टिकत नाही.

त्या मुलीला चष्मा मिळाला. पुढे ती गणित घेऊनच पदवीधर झाली. तिच्या आईने विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात आम्ही शिक्षकांनी एक नियम करून घेतला आहे : केवळ एका चाचणीवरून कोणत्याही मुलाला 'कच्चे' म्हणायचे नाही, निदान तीन वेगळ्या तऱ्हांनी पाहायचे, आणि त्यांपैकी एक साक्ष घरची असेल. तेव्हा शाळेने बोलावले, तर केवळ ऐकायला येऊ नका, सांगायलाही या.