रानात मेंढ्या बसवूया

मंडळी, बेळगाव भागात आम्ही भात, ज्वारी, भुईमूग पिकवतो. सुगी सरली की धनगर-कुरुबरांचे कळप येतात. मेंढ्या दिवसा उरलासुरला पाला खातात, रात्री रानात बसतात. लेंडी आणि मूत जागेवरच पडतं. ना गाडीभाडं, ना खत विस्कटायची मजुरी. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. बसायची जागा रोज बदलली की सगळं रान सारखं खतावतं.

पण आता ऊस वाढला, प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली. वाट नि पाणी मिळालं नाही, तर कळप येणार कसे? म्हणून आमची विनंती : धसकटं जाळू नका. फवारलेलं रान आणि ज्वारीचे कोवळे फुटवे धनगराला आधीच दाखवा. दोन्हींनी मेंढ्या दगावतात. कळप टिकला, तरच आपली माती टिकेल.

गणपतीबाप्पा मोरया!