‘संदर्भ हवा’ : एका खुणेचे महत्त्व
(केशवापूर, हुबळी येथे मराठी भाषक नागरिक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



मराठीत ज्ञानकोशांची परंपरा थोर आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेला विश्वकोश आपणांस परिचित आहेतच. त्यांतील मजकुराची जबाबदारी संपादकांवर असे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र कोणासही भर घालता येते. साहजिकच तेथे विधानाचा भार त्याच्या आधारावर पडतो. आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतात. तीत लेखकाचा अवमान नसतो. वाचकास सावधगिरीची सूचना व जाणकारास आवाहन असते.

परंतु संदर्भ दिला म्हणजे काम संपले असे नाही. येथून जवळच असलेल्या हुबळी स्थानकातील १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झाले. त्यापूर्वी गोरखपूरचा सुमारे १,३६६ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब मानला जाई. जुना दाखला देऊन आज गोरखपूरला तो मान दिल्यास विधानास आधार असेल, सत्यता नसेल. म्हणून दाखला कोणाचा व केव्हाचा, हेही पाहावे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. गावाच्या नावाची एखादी निराधार कथा विकिपीडियात येते, तेथून स्मरणिकेत उतरते, आणि पुढे त्याच स्मरणिकेच्या दाखल्याने ती ‘सिद्ध’ होते. मराठी व कन्नड कुटुंबे शेजारी नांदत असलेल्या भागात अशा कथेतून अकारण तेढही उत्पन्न होते.

मग निराधार ते सर्व खोडावे काय? हयात व्यक्तीची बदनामी करणारे निराधार विधान तत्काळ काढावे. अन्यत्र खूण करावी, शोध घ्यावा, वाजवी काळ थांबावे, आणि आधार न मिळाल्यास वाक्य वगळावे. धारवाड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १८८४ चे गॅझेटियर उपलब्ध आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणीही मोलाच्या आहेत. मात्र सांगणाऱ्याचे नाव व तारीख यांसह त्या टिपून, पडताळून, प्रथम अन्यत्र प्रसिद्ध व्हाव्यात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. आपल्याकडून तेवढ्या कष्टांची अपेक्षा नाही. प्रत्येक शाळेने आपल्या गावाविषयीच्या एका वाक्याचा जरी आधार शोधला, तरी पुढील पिढीच्या हाती विश्वसनीय ज्ञान जाईल.