इंटरनेट असते तरी कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



इंटरनेटवर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून आपल्या बैठकीत मला नेहमी विचारला जाणारा प्रश्नच आधी घेते. "बाई, हे इंटरनेट असते तरी कुठे? आकाशात का?"

आकाशात थोडे, जमिनीखाली आणि समुद्राखाली फार. हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंत निरोप हवेतून जातो. पुढे बहुतेक वाट केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंची. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने निरोप धावतो. परदेशाकडून समुद्रतळाने येणाऱ्या अशा कित्येक तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या आणि इकडे आपल्या देशातले इंटरनेट मंदावले. उपग्रहाची वाटही आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, १९७१ साली परदेशी संपर्कासाठी उपग्रह केंद्र उभे राहिले होते.

आता निरोप जातो कसा ते पाहू. नातीचा फोटो पुण्याहून निघाला, तर तो अखंड येत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर जावयाचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. आपल्या गावात आषाढवारीला तुकोबांची पालखी येते, मेंढ्यांचे रिंगण होते, तेव्हा दिंड्यांचे क्रमांक आपण पाहतोच. तुकोबा बारामतीवरून येतात, माउली फलटणवरून. भेट होते वाखरीला. तुकड्यांचेही तसेच. वाट कोणतीही असो, मुक्कामी पोचल्यावर क्रमांकाप्रमाणे ते जुळविले जातात. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवून घेतात. ही युक्ती १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांना आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांचे संगणक जोडून पहिला निरोप धाडला गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले! पुढे अशी जाळी पुष्कळ झाली, पण एकाची बोली दुसऱ्याला कळेना. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली सर्वांसाठी सामाईक नियम मांडले. १ जानेवारी १९८३ पासून त्या पहिल्या जाळ्याने ते नियम स्वीकारले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचविलेले 'वेब' १९९३ मध्ये सर्वांना विनामूल्य खुले झाले. त्यावर मालकी सांगितली असती, तर आज आपण त्याचे भाडे भरीत बसलो असतो, असे मला वाटते.

आपल्या देशात १९८६ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी 'अर्नेट' सुरू झाले. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून.

खेड्याची गोष्ट मात्र वारणेची. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. शेतीची सर्व माहिती तेथे मिळावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाच्या कामाला लागली: वजन किती, खत किती, पैसे किती. आपण उसाच्या मुलखातल्या, आपल्याला याचे नवल नाही. संगणक सांभाळण्याचा खर्चही जड जाई. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले आणि ते स्वस्तात जमले. लोकांना जे विचारावयाचे होते, त्याला साधा फोन पुरला. मोठ्या योजना आखणाऱ्यांनी आधी एवढे विचारून घ्यावयास हवे होते.

मराठीचेही काम असेच चिकाटीचे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९९१ पासून जगभरच्या लिप्यांसाठी एकच आकडेवारी ठरत गेली. तीत आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे. पूर्वी एका यंत्रावरचे मराठी दुसऱ्यावर उघडले की भलतीच चिन्हे दिसत. आज येथून लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या लेकीला जसेच्या तसे वाचता येते.

इतके सगळे आपल्या दारी आले. पण पुष्कळ घरांत फोन असतो मुलाच्या हाती. "सातबाऱ्यावर माझे नाव लागले का?" हे बाईने त्यालाच विचारावयाचे, आणि तो म्हणेल ते खरे मानावयाचे! वास्तविक शासनाच्या संकेतस्थळावर सातबारा नुसता पाहावयास पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तरच शुल्क आहे. ती सोय २०१८ पासून झाली.

येत्या शनिवारी दुपारी आपण मंडळाच्या खोलीत हेच करून पाहणार आहोत. येताना गट क्रमांक कागदावर लिहून आणावा. फोनवर गुप्त क्रमांक आला तर तो शेजारणीलाही सांगू नये, मलाही नाही. आणि चष्मा विसरू नये. अक्षरे फार बारीक असतात.