चांगल्या माणसांनाही नियम हवेत



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण लवकरच दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा फरिदाबादमधल्या एखाद्या संस्थेत रुजू होतील. कुणी वस्तीतल्या मुलांचे वर्ग घेईल, कुणी किशोरवयीन मुलींचे गट चालवेल, कुणी तरुणांची शिबिरं भरवेल. पहिल्याच दिवशी तुमच्यापुढे काही कागद येतील: स्वयंसेवकांसाठी नियम, सभासदांसाठी नियम, आचारसंहिता. सही शेवटच्या पानावर असते आणि बहुतेक जण तेवढंच पान उघडतात. मला आज त्या न वाचलेल्या पानांबद्दल बोलायचं आहे. पदवीदान समारंभात पाहुण्याने स्वप्नांबद्दल बोलावं अशी रीत आहे. तुम्ही निवडलेल्या कामात स्वप्नांची वाण कधीच पडत नाही. नियमांची पडते, आणि त्याची झळ बसते ती मुलांना.

‘आम्ही पदरमोड करून, मनापासून काम करतो, आम्हाला नियम कशाला?’ तरुण कार्यकर्त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. त्याचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात देऊन झालेलं आहे. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांसाठी सात शपथा ठरवल्या आणि त्या पहिल्यांदा स्वतः घेतल्या. विचारात देशाला पहिलं स्थान द्यायचं. जात-धर्म न पाहता सगळ्या भारतीयांना भावंडं मानून काम करायचं. संस्था देईल त्यात घर चालवायचं, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवायचं. कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. उरलेल्या दोन शपथा देशसेवेतून स्वतःचा लाभ न पाहण्याबद्दल आणि संस्थेच्या उद्दिष्टांशी एकनिष्ठ राहण्याबद्दल होत्या. शिवाय नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. गोखल्यांभोवती आलेली माणसं निवडक, त्यागी होती. अशा माणसांनाही लेखी बंधन हवं असं त्यांना वाटलं, कारण सार्वजनिक कामात उत्साहाचे वाद किती लवकर अहंकाराचे होतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

1915 साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले आणि त्यांना या संस्थेत यायचं होतं. गोखल्यांनी त्यांना सांगितलं, आधी वर्षभर देश पाहा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. त्याच वर्षी 19 फेब्रुवारीला गोखले गेले. संस्थेच्या काही सभासदांना गांधीजींची कार्यपद्धती आणि आपली यांत फार अंतर वाटत होतं. गांधीजींनी ते ओळखलं, अर्ज मागे घेतला आणि त्या मंडळींशी स्नेह कायम ठेवला. आपल्या ओळखीतला एखादा उत्साही, नावाजलेला माणूस ‘मला उद्यापासून मुलांबरोबर काम करायचंय’ असं म्हणत आला की संस्था हरखून जातात आणि चौकशी न करता त्याला वर्गात सोडतात. तेव्हा हा प्रसंग जरूर आठवा. माणूस मोठा असला म्हणून प्रवेशाची पायरी गाळायची नसते.

पुण्यातल्या त्या संस्थेचा धागा थेट दिल्लीपर्यंत येतो. पंडित हृदयनाथ कुंझरू 1909 साली भारत सेवक समाजात आले आणि पुढे त्याचे अध्यक्ष झाले. अलाहाबादच्या सेवा समितीतून त्यांनी स्वयंसेवक घडवले, स्काउट चळवळीला आकार दिला आणि भारत स्काउट्स आणि गाइड्सचे ते पहिले राष्ट्रीय आयुक्त होते. 1946 साली छात्रसेनेचा विचार करायला जी समिती नेमली गेली तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. त्या समितीच्या अहवालातून 1948 चा राष्ट्रीय छात्रसेना कायदा आला. या माणसाने 1968 साली भारतरत्न नाकारलं, कारण असे किताब नसावेत असं त्यांनी संविधान सभेतच म्हटलं होतं आणि स्वतःची वेळ आल्यावर ते मत बदललं नाही.

दर जानेवारीत दिल्ली छावणीत देशभरातले छात्रसैनिक प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी येतात. त्यांचं संचलन सगळे पाहतात, पण त्यांच्यामागच्या कायद्यातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. केवळ छात्रसेनेत नाव नोंदवलं म्हणून कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शिस्तीवर उभ्या असलेल्या संघटनेच्या कायद्याने संघटनेचीच हद्द आखून दिली आहे. सभासदाकडून काय मागता येणार नाही, हे तिथे लिहिलेलं आहे. तुमच्यापुढे येणाऱ्या नियमावलीत अशी वाक्यं किती आहेत ते मोजा. बहुतेक ठिकाणी सभासदाने वेळेवर यावं, गणवेश घालावा, मोबाइल बंद ठेवावा, वर्गणी भरावी एवढंच असतं. संस्थेने काय करू नये, याबद्दल कागद गप्प असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचं तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले कितीतरी जण तिच्यातूनच इथवर आले आहेत. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर, हा तिचा नियम. तासांच्या या नियमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो चांगला आहे, कारण वस्तीला लहर नको असते, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी येणारा माणूस हवा असतो. पण तास भरले की प्रमाणपत्र, एवढंच उरलं तर डिसेंबरपर्यंत येणारी दीदी जानेवारीत न सांगता नाहीशी होते. मुलं दोन-तीन आठवडे वाट पाहतात, मग पुढच्या दीदीशी बोलणंच टाळतात. म्हणून काम सुरू करण्याइतकाच ते सोडण्याचा नियम हवा: महिनाभर आधी मुलांना सांगायचं, नव्या माणसाची ओळख स्वतः करून द्यायची, आणि परत येणार नसाल तर ‘येईन’ म्हणायचं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गोखल्यांच्या शपथा देशाशी आणि स्वतःच्या मनाशी होत्या. शुद्ध आचरणाची शपथ पाळली जाते की नाही हे पाहणारं बाहेरचं कुणी नव्हतं, आणि त्या काळी तसं कुणी मागितलंही नसतं. तुमच्यासमोर बसणारं बारा वर्षांचं पोर मात्र तुमच्या मनात डोकावू शकत नाही. ते तुम्हाला भैया म्हणतं, दीदी म्हणतं, आणि घरच्या माणसावर ठेवावा तसा विश्वास टाकतं. त्या पोराचा बचाव अशाच नियमाने होतो जो पाळला जातो की नाही हे तिसऱ्या माणसाला दिसतं. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. बोलणं खासगी हवं असेल तर दार उघडं ठेवायचं किंवा दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात बसायचं. स्वतःच्या फोनवरून मुलांना रात्री खासगी संदेश पाठवायचे नाहीत. एकाच मुलाला भेटवस्तू द्यायच्या नाहीत, पैसे उसने द्यायचे नाहीत. शिबिरात मुक्काम असेल तर मोठ्यांची आणि मुलांची झोपण्याची सोय वेगळी, आणि मुलींच्या मुक्कामावर बाई कार्यकर्त्या हव्यातच.

यावर प्रामाणिक कार्यकर्ते दुखावतात. ‘आमच्यावर संशय घेता का?’ असं विचारतात. त्यांना माझं सांगणं असं की वाईट माणूस अशाच जागा शोधतो जिथे चांगल्या माणसांनी भिडेपोटी नियम सैल ठेवलेले असतात. तुम्ही नियम पाळलात की न पाळणारा लगेच उठून दिसतो. तुमच्या चांगुलपणाचा मुलांना होणारा हा सर्वांत मोठा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट गुपिताची. एखादी मुलगी म्हणेल, ‘दीदी, कुणाला सांगणार नसाल तरच सांगते.’ त्या क्षणी वचन देऊ नका. तिला म्हणा, मी तुझं ऐकेन आणि तुला सुरक्षित ठेवायला जेवढ्यांना सांगणं गरजेचं असेल तेवढ्यांनाच सांगेन. कायद्यानेही तुम्हाला दुसरा मार्ग ठेवलेला नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. सद्भावनेने खबर देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळूनही गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. ‘आधी आपल्यात चौकशी करू, संस्थेचं नाव खराब व्हायला नको’ असं वरिष्ठ म्हणाले, तर त्यांना नम्रपणे हे कलम दाखवा आणि खबर द्या.

इथे राजधानी क्षेत्राची एक खास अडचण येते. मूल खोड्यात, म्हणजे उत्तर प्रदेशात राहतं. वर्ग दिल्लीत गाझीपूरला भरतो. सहल गुरुग्रामला, म्हणजे हरयाणात जाते. तीन सरकारं, तीन पोलीस दलं. घटना कुणाच्या हद्दीत घडली यावर वेळ जातो आणि घरचे लोक थकून माघारी फिरतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हे वाक्य हिंदीत छापून तुमच्या केंद्राच्या भिंतीवर लावा. खाली 112 आणि 1098 हे दोन मदत-क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा.

फोटोंबद्दल थोडक्यात. देणगीदाराला पाठवायला रडणाऱ्या, फाटक्या कपड्यांतल्या मुलाचं चित्र लागतं असं तुम्हाला कुणी सांगेल. नकार द्या. संकटात सापडलेल्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा आणि पोक्सो या दोन्हींखाली गुन्हा आहे. इतर मुलांच्या बाबतीतही आई-वडिलांना आणि मुलाला विचारल्याखेरीज कॅमेरा काढायचा नाही, एवढी मर्यादा आपण स्वतःला घालून घ्यायला हवी.

नियम फक्त मोठ्यांनीच करायचे असतात असं मात्र समजू नका. याच दिल्लीत रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांच्या ‘बढते कदम’ या संघटनेने 2003 पासून ‘बालकनामा’ नावाचं वृत्तपत्र चालवलं. ज्यांना लिहिता येत नाही अशी मुलं बातमी तोंडी सांगतात. त्यांना तिथे ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. लिहिता न येणं हा सभासदत्वाचा अडसर ठरू नये म्हणून मुलांनी काढलेली ही वाट आहे. आपण कितीही बैठका घेतल्या असत्या तरी आपल्याला ती सुचली नसती. 1989 साली सुरू झालेल्या ‘बटरफ्लाइज’ या दिल्लीतल्या संस्थेत मुलांची बचत-पेढी आहे, तिचं नाव बाल विकास खजाना. तिथे मुलं आपल्यातूनच व्यवस्थापक निवडतात आणि कर्ज कुणाला द्यायचं हे त्यांची समिती ठरवते. दिवसभर कष्ट करून मिळवलेला पैसा रात्री चोरीला जाणार नाही, ही मुलांची स्वतःची गरज होती. त्यामुळे पेढीचे नियम त्यांना परके वाटत नाहीत. तुमच्या गटात सभासदांनी एखादा नियम नाकारला तर लगेच शिस्तभंग म्हणू नका. सहाच्या वर्गाला उशीर झाला की प्रवेश बंद, असा नियम घरी पाणी भरून येणाऱ्या मुलीला दर वेळी बाहेर ठेवतो. टँकर केव्हा येतो हे विचारून वर्गाची वेळ ठरवा.

शेवटची गोष्ट संस्थेच्या प्रमुखांबद्दल, आणि तुमच्यातले काही जण काही वर्षांनी प्रमुख होणार आहात म्हणून तुमच्याबद्दलही. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या संस्थांत संस्थापक हेच विश्वस्त, तेच निधी आणणारे आणि तक्रार ऐकणारेही तेच. प्रमुखांविरुद्ध तक्रार असेल तर ती प्रमुखांकडेच करायची, असा त्याचा अर्थ होतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात पगार न घेणाऱ्या स्वयंसेविकेलाही कर्मचारी मानलं आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. त्याहून लहान जागी किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलांच्या तक्रारींसाठीही अशीच बाहेरची एक व्यक्ती नेमा, वस्तीतल्या मुलांना तिचं नाव आणि चेहरा माहीत असू द्या, आणि तिला काढण्याचा अधिकार प्रमुखाकडे ठेवू नका.

रुजू होण्याच्या दिवशी सही करण्याआधी एवढंच विचारा: ‘इथल्या सर्वांत मोठ्या माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल तर मी कुणाकडे जायचं, आणि मुलांनी कुणाकडे जायचं?’ उत्तर कागदावर नसेल तर ते लिहून होईपर्यंत थांबायला सांगा. मसुदा करायला माणूस लागला तर तुम्ही करा. आजपासून तेवढी पात्रता तुमच्याकडे आहे.