बांधाबाहेर निघालेला ट्रॅक्टर : परवाना आणि सुरक्षितता



ट्रॅक्टर हे मुळात रानातले यंत्र आहे. नांगरट, कुळवणी, पेरणी आणि मळणी ही त्याची खरी कामे. पण सोलापूर जिल्ह्यात हा ट्रॅक्टर वर्षातले कितीतरी दिवस रानाबाहेर असतो. गळिताच्या हंगामात तो ऊस घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर असतो, उन्हाळ्यात तलावातला गाळ वाहतो, तर कधी माळावरून किंवा नदीच्या पात्रातूनही जातो. आपल्या बांधाच्या आत तो कसा चालवायचा हे बहुतांशी आपण ठरवतो. बांध ओलांडला की जमीन सर्वांची होते आणि तेथे इतरांच्या जिवाची जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून बांधाबाहेर पडण्यापूर्वी कोणती कागदपत्रे लागतात आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती आज आपण घेऊ.

कागदपत्रे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनात मोडतो. त्यामुळे त्याला मालट्रकसारखा वाहतूक परवाना लागत नाही. मात्र यावरून ट्रॅक्टरला काहीच लागत नाही असा समज अनेकांनी करून घेतला आहे, तो चुकीचा आहे. ट्रॅक्टरची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. आपल्या जिल्ह्यात नोंदणीचे काम सोलापूर आणि अकलूज येथील परिवहन कार्यालयांत होते.

दुसरा मुद्दा ट्रॉलीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येप्रमाणे ट्रॉली हेसुद्धा मोटार वाहनच आहे. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली, नंबर नसलेली ट्रॉली रस्त्यावर आणणे म्हणजे विनानोंदणी वाहन चालवणे होय. ट्रॉली घेताना ती मान्यताप्राप्त बनावटीची आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी आणि विमा घेताना ट्रॉलीचाही उल्लेख करून घ्यावा.

चालकाचे वय १८ वर्षे पूर्ण असले पाहिजे. साडेसात हजार किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या वर्गात येतो. म्हणजे आपला नेहमीचा ट्रॅक्टर या वर्गात बसतो. परवान्याशिवाय वाहन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शाळकरी मुलगा ट्रॅक्टर छान चालवतो याचे आपल्याला कौतुक असते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. हे कौतुक फार महागात पडते.

विम्याबाबत एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. शेतीकामासाठी घेतलेला विमा विटा, मुरूम किंवा लग्नाचे वऱ्हाड वाहण्यासाठी नसतो. ट्रॉलीत बसलेला माणूस अशा प्रवासात दगावला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर, घरावर येते. भाड्याने वाहतूक करायची असेल, तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून तशी नोंद करून घ्यावी.

रस्त्यावरची सुरक्षितता

बहुतेक ट्रॅक्टरांना डाव्या आणि उजव्या चाकासाठी ब्रेकचे दोन स्वतंत्र पॅडल असतात. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पॅडल जोडपट्टीने एकत्र जोडलेच पाहिजेत. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊन उलटतो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. फसलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. वर बांधली, तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो.

आता रात्रीचा विचार करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा मोटारसायकलस्वार एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापतो. अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला ४० मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात अडीच सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात तो दचकणार, ब्रेक दाबणार आणि गाडी थांबवणार, हे होणे कठीण. तीच ट्रॉली त्याला दीडशे मीटरवरून दिसली, तर तो सहज थांबतो. हा फरक काही रुपयांच्या परावर्तक पट्टीने पडतो. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी लावावी. उसाच्या वाढ्यांनी किंवा चिखलाने पट्टी झाकली गेली, तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून ट्रॉली भरल्यावर मागे जाऊन पट्टी दिसते का, हे स्वतः पाहावे.

ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला आणि मागे दगड लावले जातात. काम झाले की ट्रॉली निघून जाते आणि दगड रस्त्यावर राहतात. त्या दगडांवर रात्री दुचाकीवाला पडतो. तेव्हा निघण्यापूर्वी दगड उचलावेत. पावसाळ्यात चाकांची काळी माती डांबरावर पडून रस्ता निसरडा होतो. डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी चाके खरवडून घ्यावीत.

गळिताचा हंगाम सुरू होतो त्याच सुमारास कार्तिकी वारी येते. पंढरपूरच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात दिंड्या चालत असतात. अशा वेळी वेग कमी ठेवावा, दिंडीजवळून जाताना पुढे जाण्याची घाई करू नये. मोठमोठे स्पीकर लावून ट्रॅक्टर हाकू नये, कारण मागून आलेल्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. मडगार्डवर, हुकावर किंवा भरलेल्या उसावर कोणालाही बसू देऊ नये. ऊसतोड कामगारांची मुले ट्रॉलीवर झोपी जातात आणि एका खड्ड्याच्या हिसक्याने खाली पडतात. मुकादमाला हे आधीच बजावून ठेवावे. क्षमतेपेक्षा जास्त भार भरल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जास्त भार म्हणजे कमी ब्रेक, हेही ध्यानात असू द्यावे.

माळरान, नदी आणि कालवा

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे माळरान आपणा सर्वांना ठाऊक आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. सुरुवातीचे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र पुढे फेररचनेत पुष्कळ कमी करण्यात आले. माळढोक आता येथे दिसेनासा होत चालला आहे. ही मादी साधारणपणे एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. चंडोल, तित्तर हे पक्षीही जमिनीवरच घरटे करतात. गवतातून जाणाऱ्या जीपच्या किंवा मोटारसायकलच्या चालकाला ते अंडे दिसत नाही. चाक एकदा फिरले की त्या वर्षीची वीण संपली.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात जाण्यासाठी वनविभागाचा परवाना लागतो. अभयारण्यात ज्यांची स्थावर मालमत्ता आहे ते शेतकरी आणि सार्वजनिक रस्त्यावरून जाणारे यांना या अटीतून सूट आहे. पण ही सूट माणसाच्या येण्याजाण्यापुरती आहे, गवतात गाडी घालण्यासाठी नाही. आपल्या शेताकडे जाताना ठरलेल्या वाटेनेच जावे, नवी चाकोरी पाडू नये. गावातली तरुण मुले किंवा शहरातले पाहुणे हौसेखातर, चित्रीकरणासाठी किंवा काळविटांच्या मागे गाड्या पळवत असतील, तर त्यांना वेळीच थांबवावे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त होते. हप्ते आपण फेडायचे आणि गाडी वनखात्याच्या आवारात गंजायची, अशी पाळी येऊ नये.

भीमा, सीना, माण या नद्यांच्या पात्रांतही तेच. पात्र सरकारी मालकीचे आहे. विनापरवाना वाळू उपसल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो आणि ट्रॅक्टरही अडकतो. वाळूवाला रात्रीच्या खेपेला चार पैसे जास्त देतो, पण पकडल्यावर तो पुढे येत नाही. कागदावर नाव मालकाचे असते. तलावातला गाळ मात्र २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली रीतसर नेता येतो. तेथेही वाळू काढण्यास मनाई आहे, हे विसरू नये. कालव्याच्या भरावावरचा रस्ता देखरेखीसाठी असतो. जड ट्रॉलीने भराव खचतो आणि ट्रॉली पाण्यात जाते. तेथून न्यायचे झाल्यास पाटबंधारे कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

शेजाऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर जबरदस्तीने ट्रॅक्टर घालू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाट मागता येते. भांडणात दोन हंगाम जातात, अर्जाने वाट कायमची होते.

बंधूंनो, ट्रॅक्टर रानातून बाहेर काढण्यापूर्वी चार गोष्टी रोज तपासाव्यात : ब्रेकची जोडपट्टी, मागच्या पट्ट्या आणि दिवे, ट्रॉलीच्या हुकाची पिन, आणि गाडीवर जादा कोणी बसलेले नाही ना. ही पाहणी करायला पाच मिनिटे पुरतात. ज्या घरी चालक रात्री सुखरूप परत येतो आणि ज्याच्या गाडीने दुसऱ्याच्या घरी दुःख नेलेले नाही, त्या घरचा ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने फायद्यात आहे.